टेबलावरची भिंत

शाळा सोमवारी उघडणार होती आणि रविवारी सकाळी घरात दोनच कामं राहिली होती. एक, वह्यांना कव्हरं घालणं. दोन, दिराच्या घरातून आपली वीतभर जागा परत घेणं. कव्हरं धाकटी सून स्वतः घालणार होती. वीतभर जागेचं काम तिनं नवऱ्याकडे दिलं होतं. तो जुनी घरं पाडायच्या धंद्यात होता, आणि घरातलं एखादं काम त्याला येतं आहे असा योग लग्नानंतर पहिल्यांदाच आला होता.

मूळ खोली एकच, चांगली ऐसपैस. चौदा वर्षांपूर्वी सासरे गेले आणि महिन्याभरात दोघा भावांनी ती वाटून घेतली. वाटणी शांततेत झाली असं म्हणवत नाही. धाकट्याचे दोन दात गेले, थोरल्याच्या कानाची पाळी फाटली ती फाटलीच, आणि मग दोघं शहाण्या माणसांसारखे दोरी धरायला उभे राहिले. थोरला गवंडी. भिंत तो बांधणार, म्हणून दोरीचं एक टोक त्याच्या हातात. त्याच्यावर धाकट्याचा विश्वास नाही, म्हणून दुसरं टोक याच्या हातात. दाराशी उभ्या असलेल्या धाकट्यानं दोरी हळूच वीतभर पलीकडे सरकवली. खिडकीशी उभ्या असलेल्या थोरल्यानं ती हळूच वीतभर अलीकडे सरकवली. आपण दुसऱ्याला गंडवलं या आनंदात दोघं चौदा वर्षं झोपले. भिंत तिरकी उभी राहिली. दाराशी थोरल्याचं घर वीतभर कमी, खिडकीशी धाकट्याचं. आपण दाबलेली वीत कुणाच्याच डोळ्यांत येत नव्हती. गेलेली वीत मात्र दोघांच्याही रोज पायात येत होती.

एरवी हे असंच चाललं असतं. पण यंदा धाकटीची मुलगी आणि थोरल्याचा मुलगा एकाच वेळी आठवीत गेले. मुलीला सगळे काडी म्हणत, मुलाला ढब्बू. दोघांकडे बघून कारण विचारायची कुणाला गरज पडत नसे. मोठ्या शाळेत फीमाफीच्या जागांसाठी परीक्षा झाली, त्यात या रस्त्यावरची दोनच मुलं निघाली, आणि तीही एका भिंतीच्या दोन बाजूंची. शाळेनं फॉर्म पाठवला. त्यात अकरावा प्रश्न होता: ‘पाल्याच्या अभ्यासासाठी घरी टेबल व त्यासाठी पुरेशी जागा आहे काय? (वर्गशिक्षिका समक्ष पाहतील.)’ वर्गशिक्षिका रविवारी पाच वाजता येणार होत्या. उत्तर ‘नाही’ आलं तर जागा यादीतल्या पुढच्याला.

धाकटीनं तो प्रश्न इतक्या वेळा वाचला होता की तिला तो कंसासकट पाठ होता. ती स्वतः सातवीनंतर इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागली. चादरी पिळायच्या, वाळवायच्या, घड्या घालायच्या. मनगटं अशी झाली होती की बाजारात भाजीवाले तिला मापात फसवायच्या भानगडीत पडत नसत. काडीच्या मनगटांचं असं काही होऊ नये, एवढीच तिची देवाजवळ आणि शाळेजवळ मागणी होती. धुलाईखान्यातून बाद झालेलं घड्या घालायचं टेबल तिनं मुकादमाच्या मागे लागून मिळवलं. लोखंडी पाय, तीन बोटं जाडीची फळी, उचलायला चार माणसं. खिडकीखाली लावायला गेले तर भिंतीमुळे वीतभर आत जाईना.

पलीकडे थोरल्यानं दुकानातून नवंकोरं टेबल आणलं होतं. चकचकीत, ड्रॉवर असलेलं. ते दाराशी ठेवलं की दार उघडत नव्हतं आणि दार उघडलं की टेबल राहत नव्हतं.

"अहो, हे बघा," धाकटीनं खडूनं भिंतीवर रेघ मारली. "खिडकीपासून इथपर्यंत. बास. ह्याच्या पुढे हात लावायचा नाही."

"पाडायचं तू मला शिकवतेस?"

"पाडायचं नाही शिकवत. थांबायचं शिकवतेय."

हे शिक्षण त्याला झेपणारं नव्हतं. वीस वर्षांत त्यानं अर्धी भिंत कधी सोडली नव्हती. अर्धी भिंत पाडून जो थांबतो तो दुसऱ्या दिवशी तिच्याखाली सापडतो, असा त्यांच्या धंद्यातला दंडक. त्यानं भिंतीला कान लावला, बोटानं तीनदा टकटक केली आणि निदान केलं, "पोकळ आहे. ही भिंत काही पेलत नाही. नुसता दादाचा राग पेलतेय."

दुपारी तीनला त्यानं छिन्नी लावली आणि घण मारला. ठण्.

पलीकडून आवाज आला. ठण्.

"आवाज घुमतोय," धाकटा म्हणाला.

त्यानं पुन्हा मारला. पुन्हा तसाच आवाज आला, फक्त या वेळी तो आधी आला. धाकटीनं कव्हराची घडी खाली ठेवली. तेवढ्यात दाराच्या बाजूनं भिंतीतून एक पहार बाहेर आली आणि खुंटीवर टांगलेल्या काडीच्या नव्या गणवेशात घुसून थांबली.

पहार मागे ओढली गेली. मग भोकातून थोरल्याचा डोळा दिसला.

"धाकट्या, तू माझी भिंत फोडतोयस?"

"तूच माझी फोडतोयस!"

"माझी वीत गेलीये दाराशी. चौदा वर्षं गप्प बसलो."

"आणि माझी खिडकीशी? ती काय उंदरानं खाल्ली?"

"तुझ्या खिडकीशी काय झालं ते मला माहीत नाही," थोरला म्हणाला. हे त्यानं इतक्या निरागसपणे म्हटलं की धाकट्यानं भोकातून मूठ घातली. ती थोरल्याच्या नाकावर बसली. नाकातून आवाज आला तो ओली फांदी मोडल्यासारखा. बदल्यात थोरल्यानं ती मूठ धरून ठेवली आणि बोटांवर थापीच्या दांड्यानं, एकेक बोट मोजून, पाच फटके दिले. गवंड्याचं काम, मोजमापाला पक्कं.

धाकटा ओरडत मागे आला, डाव्या हातानं घण उचलला आणि खडूच्या रेघेकडे बघितलंसुद्धा नाही. चौथ्या घावाला भिंत पोटातून फुगली. पाचव्याला कण्हली. सहाव्याला खाली बसली, सबंध, दारापासून खिडकीपर्यंत. धुळीचा लोट उठला, आणि धूळ खाली बसायच्या आत दोन भाऊ विटांवरून एकमेकांवर गेले.

शाळेसाठी घेतलेल्या बऱ्याच वस्तूंचं उद्घाटन मग रविवारीच झालं. थोरल्याच्या हाताला ढब्बूचं दप्तर लागलं. त्यात आठवीची सगळी पुस्तकं होती. ते त्यानं पट्ट्याला धरून गरगर फिरवलं आणि धाकट्याच्या उजव्या खांद्यावर आणलं. खांदा जागचा हलला. धाकट्यानं काडीची पाण्याची नवी स्टीलची बाटली थोरल्याच्या कपाळावर हाणली. भुवई फाटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. बाटलीला पोचा आला नाही, म्हणजे माल चांगला होता. आंधळ्यासारखा चाचपडत थोरल्यानं कंपासपेटी उघडली, त्यातलं कर्कटक काढलं आणि धाकट्याच्या मांडीत खुपसलं. ते तिथंच उभं राहिलं. धाकट्यानं भावाचं डावं मनगट दोन विटांच्या मधे घेतलं आणि वरची वीट दाबली. मनगट भाकरीसारखं फुगलं. शेवटी थोरल्यानं स्वतःचंच नवंकोरं टेबल डोक्यावर उचललं आणि धाकट्याच्या पाठीत घातलं. पाठ टिकली. टेबलाचा भुगा झाला. ड्रॉवर उडून खिडकीतून रस्त्यावर गेला.

"मेल्या, आपलं टेबल!" थोरली किंचाळली आणि नवऱ्यावरचा राग घेऊन धाकटीवर धावली. तिच्या हातात इस्त्री होती, गरम. इस्त्री करता करता ती पोराची पॅन्ट काखेत घेऊनच धावली होती.

"जाऊबाई, इस्त्री खाली ठेवा."

"तुझ्या नवऱ्यानं भिंत पाडली!"

"आणि भावजींची पहार माझ्या पोरीच्या गणवेशातून काय फुलं वेचायला आली होती?"

इस्त्री आली. धाकटीनं हात आडवा घातला. कोपराच्या वर चामडी चर्र झाली आणि खोलीत जळका वास पसरला. मग तिनं जावेचा दंड धरला आणि एखाद्या ओल्या चादरीसारखा पिळला. एक पीळ, दोन पीळ. तिसऱ्याला थोरलीच्या तोंडून शब्द येईनासे झाले आणि इस्त्री सुटून पॅन्टवर पालथी पडली. पॅन्टचा डावा पाय गुडघ्याशी काळा झाला. पोरं दोघं कोपऱ्यात उभी होती. काडी वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून, ढब्बू तोंडात बोट घालून.

"तुझे बाबा जिंकतायत," ढब्बू म्हणाला.

"नाही रे, तुझे. बघ ना, माझ्या बाबांच्या मांडीत तुझं कर्कटक आहे."

"परत दे हां."

पाच वाजले, आणि दारात वर्गशिक्षिका उभ्या राहिल्या.

बाई किडकिडीत होत्या, काखेत फायली होत्या आणि पायांत चपला. त्यांनी विटांचा ढीग पाहिला, त्यावर एकमेकांच्या गळ्यात हात घालून पडलेले दोन गृहस्थ पाहिले, हे हात गळ्यात प्रेमानं नाहीत हेही पाहिलं. त्या घाबरल्या नाहीत. बावीस वर्षं त्यांनी आठवीलाच शिकवलं होतं.

"हे घर कुणाचं?"

"माझं," दोघं भाऊ एकदम म्हणाले.

"म्हणजे दोघांचं. एकच घर." बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "मग एकच जागा. एका घरातून एकाच पाल्याला फीमाफी असते. नियमच आहे तसा. कुणाचं नाव ठेवू?"

थोरल्याचे हात धाकट्याच्या गळ्यावरून आपोआप निघाले.

"अहो बाई, दोन घरं आहेत! मधे भिंत आहे!"

"कुठे आहे?"

सगळ्यांनी खाली बघितलं. थोरल्यानं एक वीट उचलून दाखवली. "ही काय. ही त्यातलीच."

"मी जे दिसतं ते लिहिते," बाई म्हणाल्या.

धाकटीचा हात जळत होता. ती पुढे आली. "बाई, तुम्हाला अजून किती घरं बघायचीत?"

"पाच. साडेसातला शाळेत फॉर्म द्यायचेत."

"आणि परत जायची वाट?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. कोपराच्या वर उठलेला इस्त्रीचा त्रिकोण पाहिला. "हीच वाट आहे," त्या म्हणाल्या. "सव्वासातला इथून जाईन. तेव्हा जे दिसेल ते. भिंत म्हणजे काय, तर उभ्या माणसाला पलीकडचं घर दिसायला नको. आणि दोन्हीकडे टेबल." मग त्या वाकल्या, धाकट्याच्या मांडीतून कर्कटक उपसलं, त्याच्याच सदऱ्याला पुसलं आणि ढब्बूच्या हातात दिलं. "वस्तू वापरून झाली की पेटीत ठेवावी. पहिल्या आठवड्यातच हरवतात."

त्या गेल्या. धाकट्याच्या मांडीतून रक्ताची बारीक धार लागली होती. त्यावर काडीनं वहीचं एक कव्हर दाबून धरलं. दोघं भाऊ विटांवर धापा टाकत बसले.

"दादा, भिंत बांध."

"बांधतो की. सिमेंट मागे पडलंय दोन पोती. पण मला काय मिळणार? माझं टेबल कुठाय?"

"ते तू माझ्या पाठीवर ठेवलंस."

"मग तुझं अर्धं माझं. नाही तर बांध तू."

इथं धाकट्याची अडचण झाली. भिंत पाडायच्या एकोणीस तऱ्हा त्याला ठाऊक होत्या, बांधायची एकही नाही. थोरली दंड चोळत म्हणाली, "करवत आणा. कापा टेबल मधोमध."

"आणि दोन पायांचं टेबल उभं कसं राहायचं, जाऊबाई? तुमच्या डोक्यावर?"

धाकटी टेबलाजवळ गेली. लोखंडी पायांना तिनं लाथ मारून पाहिली. हललं नाही. धुलाईखान्यात वर्षानुवर्षं या फळीवर ओल्या चादरींचे डोंगर पडलेले तिनं पाहिले होते. "कापायचं नाही," ती म्हणाली. "टेबल मधे ठेवा. अर्धं इकडे, अर्धं तिकडे. भिंत त्याच्यावरून चढवा."

थोरल्यानं भुवईवरचं रक्त पुसलं, टेबलाखाली वाकून पाहिलं, फळीवर मूठ आपटली. गवंड्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. आयुष्यभर त्यानं दारांवरून, खिडक्यांवरून भिंती नेल्या होत्या. टेबलावरून कुणी सांगितलं नव्हतं.

"पेलेल," तो म्हणाला.

दोन तास मग तिथं जे काम झालं तसं त्या घरात आधी कधी झालं नव्हतं. शिव्या थांबल्या नाहीत, पण त्या विटांबरोबर हातोहात जात होत्या. थोरलीनं एका हातानं माल कालवला, कारण दुसरा उचलत नव्हता. पोरं विटा पुसून देत होती. धाकटा भावाच्या हातात वीट देताना ती दुखऱ्या मनगटावरच पडेल अशी देत होता. थोरला थापीवरचा जादा माल झटकताना तो भावाच्या तोंडावरच उडेल असा झटकत होता. दोरी धरायची वेळ आली तेव्हा जुन्या जागी दोघं उभे राहिले, एक दाराशी, एक खिडकीशी. पण एकाचं मनगट फुगलेलं, दुसऱ्याचा खांदा निखळलेला. ओढायची ताकद कुणातच नव्हती. भिंत सरळ आली.

सात वाजता ती खांद्यापर्यंत होती, सात वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा डोक्यापर्यंत. थोरला पलीकडे गेला, धाकटा अलीकडे राहिला. माल ओला, विटा नुसत्या एकमेकींच्या भरवशावर उभ्या. "हात लावू नका रे," थोरला पलीकडून ओरडला. "एका दमात एवढी चढवायची नसते. फुंकर मारली तरी पडेल."

धाकट्यानं टेबलावर वीत टाकली. एकदा, दोनदा. मग त्याचा चेहरा बदलला.

"अगं, हे बघ. आपल्याकडे चार विती आणि दोन बोटं. टेबल आणलं तेव्हा सगळं मोजलंय मी. म्हणजे दादाकडे तीन बोटं जास्त."

"असू दे."

"असू दे काय? परत तेच! चौदा वर्षांनी परत तेच!"

"अहो, असू दे म्हणते ना. सव्वासात होतायत."

पण त्यानं डाव्या हातानं घण उचलला होता. त्याची नजर ओल्या भिंतीच्या पोटाला लागली होती, नेमकी तिथं जिथं एक घाव पुरतो. ही नजर धाकटी ओळखत होती. ती सांगून थांबणारी नव्हती. वीस वर्षांत थांबली नव्हती.

तिनं वेळ घालवला नाही. त्याच्या हातातून घण हिसकावला, कमरेइतका उचलला, आणि सोडून दिला. तो नवऱ्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर पडला. नख फुटल्याचा आवाज काडीलासुद्धा ऐकू आला. धाकटा तोंड उघडून खाली बसला. त्याला ओरडताही येईना. तिनं शाळेचा नवा पायमोजा घेऊन त्याच्या तोंडात कोंबला, म्हणजे आवाज उशिरानं आला तरी बाईंना ऐकू जाऊ नये.

"थांबायचं हे असं असतं," ती म्हणाली.

बाई सव्वासातला आल्या. आधी पलीकडे गेल्या, मग इकडे. टाचा उंचावून भिंतीवरून पाहिलं, दिसलं नाही. टेबलावर हात फिरवला. फळी भिंतीत घुसलेली पाहून त्यांनी चष्मा पुसला.

"टेबलाखाली भिंत नाहीये."

"तिथं पाय ठेवायचे, बाई. उभ्या माणसाला तिथलं दिसत नाही."

बाईंनी विचार केला. कोपऱ्यात पायमोजा चावत बसलेल्या, डोळ्यांतून पाणी गळणाऱ्या गृहस्थाकडे पाहिलं. "वडिलांना मुलीच्या शिक्षणाचं फारच मनाला लागलेलं दिसतंय," असं म्हणून त्यांनी अकराव्या प्रश्नापुढे ‘आहे’ लिहिलं. दोन्ही फॉर्मांवर.

त्या रस्त्याच्या वळणावर दिसेनाशा झाल्यावर धाकटीनं हातावर ओलं फडकं गुंडाळलं आणि उरलेल्या वह्या पुढे ओढल्या. काडी शाळेचे नवे बूट पायात चढवून टेबलाशी जाऊन बसली. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ढब्बूही बसला होता. मग टेबलाखाली धप्प झालं.

"आई गं!" काडी कळवळली. "आई, ढब्बूनं लाथ मारली!"

"हिनं पाय माझ्या बाजूला टाकला!" भिंत बोलली.

दुसरा धप्प पहिल्यापेक्षा मोठा होता. पलीकडे ढब्बूनं भोकाड पसरलं. ओल्या भिंतीतून चिमूटभर माल टेबलावर गळला.

धाकटीनं भिंतीकडे पाहिलं. उभी होती. मग कव्हराची घडी नखानं दाबत, मान वर न करता ती म्हणाली,

"काडे, बूट नवे आहेत. टाचेनं मार. पुढचं टोक खराब होतं."